रेवताबाईचं पाणी

त्या दिवशी सकाळी रेवताबाई कापगते नेहमीप्रमाणे स्वतःला खाऊ घालायला टाकीवर गेल्या. बेलाटोल्यात या बोलण्याचं आता कुणाला नवल वाटत नसे. टाकीखालच्या खोलीत काचेच्या चौकटींवर ताणलेले पातळ, दुधट पडदे होते, आणि ते रेवताबाईंच्याच पेशींचे होते. जिवंत. त्यांना रोज साखर आणि क्षारांचं द्रावण लागे. ते काम रेवताबाई दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

"झाला का वं तुहा नाश्ता?" नळावरून पार्बताकाकूंनी हाक दिली.

"खालचीचा झाला. वरची अजून उपाशीच हाये."

"दोन-दोन ठिकाणी जेवतेस, तरी अशी काडीवानी कायले दिसतेस?"

"लेकरं पिऊन घेतेत ना सारं."

बायका हसल्या. वैजयंती हसली नाही. ती रेवताबाईंची एकुलती एक मुलगी, नागपूरला शिकवत होती आणि सुट्टीत आली होती. तिच्या हातात नागपूरहून भरून आणलेली बाटली होती. टाकी सुरू झाल्यापासून बेलाटोल्याला येताना ती आपलं पाणी बरोबर आणी. आईच्या कातडीतून गाळलेलं पाणी तिच्या घशाखाली उतरलं नसतं. रेवताबाईंनी तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

दुपारी तिने आईच्या तळहातांना खोबरेल तेल चोळलं. तळव्यांवर चणे पेरल्यासारख्या कडक गाठी होत्या. तेल मुरत असताना रेवताबाई डोळे मिटून, नेहमी म्हणत तेच म्हणाल्या, "तुह्या बाबूजीइले मीच पाजलं ते पाणी."

"हात ढिला सोड, माय," वैजयंती म्हणाली.

संध्याकाळी दोघींनी लाखोळीच्या डाळीचे वडे केले. एक वडा करपला म्हणून रेवताबाईंनी तो आपल्या ताटात घेतला. सकाळी त्या उठल्या नाहीत.

*

बेलाटोल्याच्या जमिनीखालच्या खडकात आर्सेनिक आहे. जुने वैद्य त्याला सोमल म्हणत. पाण्यात उतरलेल्या सोमलाला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. तो घाई करत नाही. वर्षानुवर्षं पाणी पोटात गेल्यावर छातीवर ठिपके उमटतात, धुळीत पावसाचे चार थेंब पडून वाळावेत तसे. मग तळहात-तळपाय कडक होतात. त्यानंतर फुप्फुसं, मूत्राशय.

जमिनीखालचं पाणी वर काढण्याआधी गाव तलावाचं पाणी पीत असे आणि दर पावसाळ्यात हगवणीने लेकरं जात. तरुण रेवताबाईंनी पंचायतीत खेटे घालून आपल्या दारासमोर बोरिंग मारून घेतलं. हातपंपाला हळदकुंकू लावून नारळ त्यांनीच फोडला. पाणी नितळ होतं, गार होतं. नवरा शेतावरून आला की त्या त्याला आधी तांब्याभर पाणी देत. पुढे त्याच्या फुप्फुसात गाठ निघाली, पाणी तपासलं गेलं, आणि हातपंपाला धोक्याचा लाल रंग फासला गेला. तोवर उशीर झाला होता.

वैजयंती मात्र धडधाकट राहिली. ती अडीच वर्षांची होईपर्यंत अंगावर पीत होती, आणि त्यानंतर मामाकडेच वाढली, शिकली. डॉक्टर शाहीन पठाण यांचं संशोधन या पहिल्या अडीच वर्षांपाशी सुरू झालं. आईच्या रक्तात सोमल असला तरी तिच्या दुधात तो जवळजवळ उतरत नाही. विष आईपाशी अडतं. मग हा अडवणारा उंबरठा शरीराबाहेर वाढवता आला तर? शाहीननी अनेक बायकांच्या त्वचेची चिमूट घेतली, त्या पेशींना दूधग्रंथीच्या पेशींचं रूप दिलं, आणि त्यांत जे थोडं निसर्गात कमी पडत होतं ते भरलं. तयार झालेल्या पडद्याला त्या दुग्धपटल म्हणत. त्यातून पाणी जाई, सोमल जात नसे. सगळ्यांत चिवट पेशी रेवताबाईंच्या निघाल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या होत्या. "लागल तेवढी घ्या."

*

रेवताबाई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शाहीन धापा टाकत घरी आल्या. टाकी काठोकाठ भरलेली होती. नळ कोरडे होते, कारण कुणी तोटी उघडलीच नव्हती. आणि लाल हातपंपापुढे रांग लागली होती.

"काय चाललंय हे, वैजयंती? लहान मुलं पितायत ते पाणी!"

"सुतक आहे," वैजयंती म्हणाली. "सुतकाच्या घरचं पाणी कुणी पीत नाही, मॅडम. टाकी म्हणजे माय. माय गेली, म्हणजे टाकीला सुतक."

"पण दहा दिवसांनी?"

"दहा दिवसांनी ते मेलेल्या बाईचं पाणी असेल."

शाहीन ओट्यावर बसल्या. "पडद्यांना तीन दिवस खाणं नाही. आजचा दिवस काढतील. नवे पडदे वाढवायला दोन वर्षं लागतात." त्या थांबल्या. "आणखी एक आहे. त्या पेशींवर आता तुमचा हक्क. तुम्ही नको म्हणालात तर मी त्या आजच बंद करीन. कुणाला कारण सांगणार नाही."

वैजयंती त्यांच्यासमोर बसली. मग म्हणाली, "तिथे माय आहे का?"

"पेशी आहेत. त्या जिवंत आहेत. तुमची आई नाही."

"सोमलाचं काय होतं त्यांच्यात?"

"त्या तो अडवतात, साठवतात आणि मरतात. त्यांच्या जागी नव्या येतात."

"त्याही तिच्याच."

"हो."

"म्हणजे ती अजून तेच पितेय. किती वर्षं पिणार?"

"खडकात सोमल आहे तोवर," शाहीन खाली बघत म्हणाल्या. "मला याहून सोपं उत्तर देता आलं असतं तर बरं झालं असतं."

वैजयंतीला वाटलं, नको म्हणावं. या बाईला आता कुणीतरी झोपू द्यावं. ओठांवर आलंही. तेवढ्यात समोर हातपंपाचा दांडा करकरला, आणि पार्बताकाकूंनी नातीच्या तोंडाला गडू लावला.

वैजयंती चपला न घालताच बाहेर पडली.

"काकू, ठेव तो गडू."

"काऊन वं? तहान लागली पोरीले."

"टाकीवर चल."

"आता कसं यावं, बाई? सुतकाच्या घरचं पाणी परक्यानं प्यावं का?"

"परक्यानं नाही प्यावं," वैजयंती म्हणाली. "घरचे कोणाचं पितेत?"

काकू थबकल्या. "घरचे घरचंच पितेत."

"सहा वर्षं झाली, माय सगळ्याइले पाजून रायली. मग तुम्ही तिचे कोण?"

 रांगेतला सोविंदा लंजे डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे आमालेबी सुतक? माह्या पोरीची सुपारी हाये ना परवा!"

"तर मोड ना, मेल्या!" काकू कडाडल्या. "माय मेली अन् याले सुपारी सुचते." आणि वाक्य संपतं न संपतं तोच त्यांचा आवाज फुटला. तीन दिवस शेजारीण म्हणून आवरून धरलेलं रडणं त्या आता घरच्यासारखं रडल्या. मग त्यांनी नातीच्या हातातला गडू घेतला आणि पालथा केला.

"पण आधी तू पी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पोटची तू हायेस. आमी तुह्या मागून."

टाकीच्या नळाशी सारं गाव गोळा झालं. वैजयंतीने तोटी सोडली आणि ओंजळ धरली. पाण्याला कसलीच चव नव्हती. तिला कुठेतरी ओळखीचं काही लागेल असं वाटलं होतं. ते लागलं नाही. तिने आणखी एक ओंजळ घेतली, मग आणखी एक, आणि मागे सरली.

माणसं पिऊ लागली तेव्हा ती खालच्या खोलीत गेली. शाहीननी द्रावणाचं भांडं तिच्या हातात दिलं आणि ओतायची पन्हळ दाखवली. भुकेले पडदे कडांपाशी सुरकुतले होते. द्रावण पोचलं तसे ते हळूहळू ताणले गेले. वरून पाण्याचा आवाज येत होता.

"ऐकतात का हे काही?" वैजयंतीने विचारलं.

"नाही."

"माहीत आहे मला."

शाहीन बाहेर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. वैजयंतीने काचेवर तळहात टेकवला. बाबूजी गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि पाणी कुणी पाजलं हा प्रश्न तिच्याही मनात आला होता. पुढे तो मनातून निघून गेला, पण तो गेल्याचं तिने आईला कधी सांगितलं नव्हतं. आई दरवेळी तेच म्हणायची आणि ती दरवेळी काहीतरी वेगळं बोलायची.

"माय," ती मोठ्यानं म्हणाली, "बाबूजीइले तू नाही मारलं. तहानलेल्या माणसाले पाणी देल्लं तू. तुही काहीच चूक नव्हती."