सव्वापट

ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. त्याला पेलवतो त्याच्या सव्वापटीपेक्षा जास्त प्रवाह जायला लागला की पुरवठा तुटलाच पाहिजे. हिशेबाचा आकडा बाजारात मिळणाऱ्या फ्यूजशी जुळला नाही, तर लगेच वरचा एक घ्यायची मुभा आहे. त्याच्याही वरचा नाही. इतकं साधं आहे, पण फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार कोंबणारे महाभाग मी नोकरीभर पाहत आलोय.

दादाच्या वसाहतीतला ब्रेकर रोज दिवेलागणीला पडून पुरवठा तुटतो अशी तक्रार आमच्या वीज कचेरीत आली, तेव्हा मला आधी हसूच आलं. ज्या कारखान्याची ती वसाहत, तो कधीच बंद पडला होता, घरांना कुलपं होती. तिथे राहत होता तो एकटा माझा थोरला भाऊ, तिथल्याच सबस्टेशनचा जुना ऑपरेटर. त्याचा एक दिवा आणि एक पंखा. तेवढ्यानं कसला ओव्हरलोड? कारण सापडलं नाही तर वसाहतीचा पुरवठा कायमचा तोडायचा, असं साहेबांनी बजावलं होतं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. वहिनी गेल्यापासून 'माझ्याकडे चल' असं दादाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. माझ्या घरी तरी बोलायला भिंतींशिवाय कोण होतं?

ऊन उतरताना पोचलो. ट्रान्सफॉर्मरमधून तेल गळत नव्हतं, जळका वास नव्हता. घरांना वीज वाटणाऱ्या पेटीत बाकी सगळ्या केबली कापून टोकांना टेप गुंडाळलेली होती. जोडलेली होती ती एकट्या दादाची. तिला प्रवाह मोजायचा मीटर लावला, तर दिवा आणि पंखा, बस. मग ट्रान्सफॉर्मरकडून पेटीत येणाऱ्या मुख्य केबलला लावला.

आकडा गच्च भरलेल्या वसाहतीचा होता. एवढा प्रवाह पेटीत येत होता आणि बाहेर कुठे पडत नव्हता. मी मीटर बदलून पाहिला, तरी तेच. अंधारायला लागलं तसा आकडा चढत गेला, थोडा थोडा, घरोघरी कुणी एकेक बटण दाबावं तसा. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण जड झाली. सव्वापट ओलांडली आणि थोड्या वेळानं ब्रेकर पडला.

शेजारी बसलेला दादा सवयीनं उठला, ब्रेकर चढवला आणि गल्लीतून चालू लागला. पुरवठा आला की दारोदारी विचारत जायची त्याची नोकरीतली रीत होती. कुलूपबंद दारापुढे थांबून तो विचारी, "आली का लाइट?" मग उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून पुढच्या दाराकडे. मी मागोमाग जाऊन एका व्हरांड्यातल्या मीटरच्या फळीवर हात ठेवला. फळी कोमट होती. तिच्यात येणारी वायर कापलेली होती.

"एक साइज मोठा बसव," दादा म्हणाला. "एवढ्यात त्यांचं भागत नाही."

"दादा, इथे कुणी नाहीये."

"मग माझ्यासाठी बसव."

मी ऐकलं नाही. ब्रेकर पाडून कुलूप घातलं, कारण सापडत नाही असं साहेबांना फोनवर कळवलं आणि दादाची पिशवी भरली. तो अडून बसेल असं वाटलं होतं. गाडीत बसण्याआधी तो फक्त प्रत्येक दाराशी जाऊन हलक्या आवाजात काही बोलून आला. निरोप घेत असेल, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो, तर घराचं दार सताड उघडं. दादा अंधारातच, खाटेच्या अगदी कडेला अंग चोरून बसला होता. किती दिवसांनी माझी वाट बघणारं कुणी घरात होतं. मला भरून आलं. मी दिवा लावला.

मेन स्विच पडला.

मी चढवला. पुन्हा पडला.

"दार लावून घेऊ का?" मी विचारलं.

"थांब जरा," दादा म्हणाला. "अजून जिन्यात आहेत. तुझ्या पायऱ्या फार आहेत रे."

मी दारात गेलो. जिन्यातला दिवा चालू होता. जिना रिकामा होता.

आत जाऊन दार लोटावं, असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि वाट करून दिली.