भर दुपारची साद

काकाबरोबर निघताना ऊन टळटळीत होतं, आणि तिथेच त्याच्या पुतणीचं, ठिणगीचं, डोकं फिरलं. पानबेडूक भर दुपारी ओरडत नाही. नखाएवढा जीव, ओल्या पाचोळ्यात राहणारा. पिल्लं बाहेर येईपर्यंत नर अंड्यांवरून हलत नाही. जन्मभर बेडकांची पाहणी करून पोट भरलेल्या काकाला हे पाठ होतं. म्हणून तर त्याने दुपार निवडली.

काम साधं. स्पीकरवर नराची साद लावायची आणि कान द्यायचा. जंगलातून एक जरी उत्तर आलं तर जंगलाची तोड थांबते. नाही आलं तर कडेला उभी यंत्रं आत शिरतात.

"बेडकांतसुद्धा बाप पोरांना सोडून जात नाही," ती म्हणाली. "आमचे वडीलधारे मात्र रान विकून मोकळे."

"कॉलेज सोडलेल्यांनी शाळा घेऊ नये. बटण दाब."

टक्... टक्... टक्...

रान गप्प. नुसता डिझेलचा आणि तापल्या पाल्याचा वास.

"झालं," काका म्हणाला. "काही नाही इथे."

तेवढ्यात उत्तर आलं. पण पाठीमागून. गेल्या वर्षी तोडलेल्या उघड्या माळावरून, जिथे आता गवताची काडीही नव्हती. टक्... टक्... मग दुसरीकडून. मग अख्ख्या माळावरून. तिने स्पीकर बंद केला. तरी ते थांबेना.

काकाच्या तोंडचं पाणी पळालं. "तुलाही... ऐकू येतंय?"

"येतंय."

"तिथलं पाहणीत धरत नाहीत. फक्त जंगलातलं धरतात. तिथे काही उरलंच नाही गं..."

"मग ओरडतंय कोण, काका?"

 माळाकडे पाठ करून काकाने तोडीच्या ठेकेदाराला फोन लावला.

"बोला साहेब," पलीकडून घाईचा आवाज आला. "आहे का काही? की घालू यंत्रं आत?"

काकाने तोंड उघडलं. माळ एकदम चिडीचूप झाला.

काकाचा गळा फुगला. फुगतच गेला, कातडीतून ऊन आरपार दिसेपर्यंत. डोळे ठिणगीकडे गयावया करत होते. इतका राग असूनही तिने त्याचा हात धरला. तो गार आणि बुळबुळीत लागला. शब्दाच्या जागी बाहेर आलं ते टक्... टक्... टक्...



मग पलीकडून, त्याच घाईच्या माणसाच्या गळ्यातून, उत्तर आलं.