सेल्फ कोणी मारला?

एक बॅटरी पोचवायची होती. काम एवढेच होते.

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत असताना हंबीररावांनी असा प्रारंभ केला, तेव्हा त्यांची नात सृष्टी हसली. "आजोबा, बॅटरीचं भूत व्हय?"

"भूत मी म्हनलो का? तू म्हनलीस," हंबीरराव म्हणाले. "इंद्रजितनं मला जे सांगितलं ते सांगतो. त्यो खोटं बोलत न्हाई. गिऱ्हाइकाशी बोलतो, ते येगळं."

नातू जयराजही सरकून जवळ बसला. हंबीररावांनी सांगितले ते असे.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. उंब्रजला हमरस्त्यालगत इंद्रजितचे गॅरेज आहे. प्रथेप्रमाणे त्याने पाने, हातोडे, जॅक अशी सारी हत्यारे स्वच्छ करून पाटावर मांडली होती आणि त्यांना हळदकुंकू वाहिले होते. पूजेतले हत्यार दसरा होईपर्यंत कोणी उचलत नाही. म्हणून सायंकाळी आप्पासोंनी फोनवर बॅटरी मागवली, तेव्हा त्याने आधीच बजावले, "आज बॅटरी आणून देतो, आप्पा. काम मातूर दसऱ्यानंतर."

आप्पासो हे हंबीररावांच्याच पलटणीतले निवृत्त जवान. तारळी नदीच्या अंगाला, उसाच्या मळ्यात त्यांचे घर. मुलगा सीमेवर, घरी सून साक्षी. त्यांच्या पत्नी मनुबाई आदल्या वर्षी खंडेनवमीच्याच रात्री, दशमी लागल्यावर गेल्या. छातीत कळ आली, आप्पासोंनी त्यांना गाडीत घातले, आणि कराडच्या वाटेवर ती गाडी एकाएकी बंद पडली. पुढे एकदा दुसऱ्या एका मिस्त्रीने पाहिली तेवढीच. एरवी ती गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी होती.

इंद्रजित बॅटरी घेऊन पोचला. आप्पासो म्हणाले, "बसव ती. आन गाडी का बंद पडली ते बघ."

"आज न्हाई जमायचं. हत्यारं पूजेत हायत."

"उद्या तिचं वर्षश्राद्ध हाय, पोरा. खंडेनवमी म्हनून मी त्या सकाळी पाइप लावून इंजिन धुतलं हुतं. त्यो मिस्त्री आला, एक कॉइल बदलली आन म्हनला, इंजिनात पानी गेलं, धुनारानं घात केला. पानी मी घातलं. म्हंजे मीच तिला मारली. तसं असंल तर उद्या पिंडाला हात लावायचा न्हाई मी. मला आजच्या आज कळाय पायजे."

इंद्रजित गॅरेजवर परतला, पाटापुढे हात जोडले, आणि पूजेतली पक्कड व टेस्ट लॅम्प तेवढा उचलला. टेस्ट लॅम्प म्हणजे वायरीला जोडलेला लहानसा दिवा. करंट असेल तर पेटतो, नसेल तर पेटत नाही.

तो पुन्हा मळ्यात आला, तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले असावेत. नवमीचा चंद्र उसावर आला होता.

"आप्पा, शीटवर बसा. मी म्हनंन तवा सेल्फ मारा. क्लच दाबल्याबिगर ही गाडी सेल्फ घेत न्हाई."

आप्पासो दोन पावले मागे सरले. "त्या शीटवर मी बसनार न्हाई. साक्षीला धाडतो." असे म्हणून ते घरात गेले.

इंद्रजितने बॅटरी बसवली, चावी लावून ठेवली आणि बॉनेट उघडून त्याला टेका दिला. बॉनेट उभे राहिले, की आत कोण बसले आहे ते समोरच्या माणसाला दिसत नाही. थोड्या वेळाने दार लागल्याचा आवाज आला. गाडी किंचित दबली.

"आलासा व्हय, वहिनी? नुसती चावी फिरवा."

चावी फिरली. प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगीसाठी एक कॉइल असते, आणि या गाडीत चारही कॉइलींना एकाच वायरीतून करंट मिळे. इंद्रजितने त्या वायरीला दिवा लावला. दिवा लख्ख पेटला. तो मिस्त्री येथेच फसला होता; इंजिन स्थिर असताना करंट ठीक होता.

"आता सेल्फ मारा."

सेल्फ लागला, त्याची मोटर इंजिन फिरवू लागली. दिवा पेटलेलाच राहिला.

"बास."

सेल्फ तत्क्षणी थांबला.

"वहिनी, गॅरेजात कामाला येता का? माझा भाऊ बी एवढं ऐकत न्हाई."

आतून फक्त श्वास ऐकू आला. चढण चढून आल्यासारखा, तोकडा.

"मारा."

या वेळी दिवा जरासा थरथरला.

"बास."

श्वास आणखी तोकडा झाला होता.

"वहिनी... बरं वाटंना का?"

गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"ऱ्हाऊ द्या मग. उतरा तुमी. मी आप्पांनाच..."

त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच सेल्फ लागला. त्याने सांगितले नव्हते. सेल्फ फिरत राहिला. इंजिन हलत राहिले. इंद्रजितचा हात नकळत ती वायर इंजिनाला धरून ठेवणाऱ्या मागच्या क्लिपेवर गेला. दिवा विझला. पेटला. विझला.

दोष सापडला होता.

सेल्फ थांबला.

क्लिपेखाली वायर वरून धडधाकट होती. आतले तांबे तुटले होते. इंजिन हलले, की टोके एकमेकांपासून सुटत. इंद्रजितने वायर सोलली, जोडली, टेप गुंडाळली.

"मारा... आता एकदाच."

पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झाले. त्याने बॉनेट खाली घेतले.

शीटवर कोणी नव्हते.

तेवढ्यात घरातून साक्षी धावत आली. तिच्या हातांना पीठ लागलेले होते. "आवं भाऊजी, जरा दम न्हाई का तुमाला? मामंजींनी सांगितलं, म्हटलं तव्यावरची भाकरी उतरवून येते, तवर स्वतःच चालू केलीसा!"

"वहिनी... तुमी आत्ता येताय?"

"मग कवा?"

इंजिनाचा आवाज ऐकून आप्पासोही अंगणात आले होते. इंद्रजितने आधी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले.

"पान्यानं न्हाई, आप्पा. पानी गेलं असतं, तर एखादी कॉइल मेली असती. तीन सिलिंडरवर गाडी धडपडत का हुईना, कराडला पोचली असती. ही एका दमात बंद पडली, कारन चारी कॉइलींचा करंट एकदम गेला. वायर आतून तुटली हुती. असं तुटायला वरसं लागत्यात. तुमी धुतली काय आन न धुतली काय, ती थांबनारच हुती."

आप्पासोंनी गाडीकडे पाहत हलकेच विचारले, "सेल्फ कुनी मारला?"

"आप्पा..."

"साक्षी तर आत हुती."

"व्हय."

"मार म्हनलास की मारायची? बास म्हनलास की थांबायची?"

"व्हय, आप्पा. दम लागल्यागत श्वास..."

आप्पासोंनी हात वर करून त्याला थांबवले. त्यानंतर ते जे बोलले, ते त्यांनी वर्षभर कोणापाशी उच्चारले नव्हते.

"त्या रात्री मी बॉनेट उघडलं आन तिला म्हनलो, सरक इकडं, सेल्फ मार. छातीवर हात धरून ती मारत हुती. काय दुखतंय म्हनून बोलली न्हाई. शेवटी मी मार म्हनलो आन... सेल्फ लागला न्हाई. मला वाटलं, बॅटरी गेली. लय येळ मी वायरी हलवत बसलो, इंद्रजित. बॅटरी चांगली हुती."

गच्चीवर सृष्टीने हातातला पेला खाली ठेवला. दूध उतू जात होते. उठायचे कोणाला सुचले नाही.

"मग पिंड?" शेवटी जयराजने विचारले.

"दिला. त्यानंच दिला. लय रडला."

"आन गाडी इकली का?"

"न्हाई रं. चालवतो की."

मग हंबीररावांनी राहिलेले सांगितले. त्या रात्री गाडी बंद करायला इंद्रजित आत बसू लागला, तर त्याला बसताच येईना. चालकाची सीट पार पुढे, स्टिअरिंगला टेकेल इतकी सरकलेली होती; त्याने चावी लावली तेव्हा ती मागेच होती. मनुबाई ठेंगण्या होत्या. सीट मागे असती, तर क्लचपर्यंत त्यांचा पाय पोचला नसता. इंद्रजितने पुढे दोनदा सीटचे रूळ उघडून पाहिले. कळ मोकळी आहे, खाचा स्वच्छ आहेत, कोठे काही अडकलेले नाही. तरीही सीट मागे जात नाही.

सहा फूट उंचीचे आप्पासो गुडघे पोटाशी घेऊन उंब्रजच्या बाजाराला येतात. पोरे हसतात. दुसरी सीट बसवून देतो, असे इंद्रजित म्हणाला, तर ते त्याला गाडीला हात लावू देत नाहीत.