खवलं गेलेली लोकर

रेशमावर पसरलेली लोकर धरतच नव्हती. कुमुदिनी भांडगे सकाळपासून साबणाचं कोमट पाणी शिंपडून तिला मळत होत्या, चटईत गुंडाळून लाटत होत्या. उलगडून पाहावं तर लोकर एकीकडे, रेशीम दुसरीकडे.

येवल्यात त्यांनी वीस वर्षं पैठणी विणली. नजर अधू झाली, माग सुटला, तेव्हा त्या नमदा, म्हणजे लोकर मळून-दाबून केलेलं कापड, करायला शिकल्या. त्यात विणणं नाहीच. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवलं असतात. ओली लोकर मळली की ती एकमेकांत अडकतात आणि कापड एकजीव होतं. रेशमाला खवलं नसतात, म्हणून लोकरच त्याला सांभाळून घेते. बोटांनी पाहायची ही कला बाईंना इतकी मानवली की त्या माणदेशात, मेंढ्यांच्या शेजारीच येऊन राहिल्या.

आज त्यांनी चिमूटभर लोकर फोनच्या भिंगाखाली धरली. पडद्यावर तंतू काचेसारखा गुळगुळीत दिसला.

बाईंना एकदम आठवलं. मऊलोकर लस! मेंढीचं जनुक बदलणारी, पुढच्या पिढ्यांत उतरणारी. दख्खनी लोकर अंगाला टोचते, अशी गिऱ्हाइकांची कुरकुर असायची. म्हणून वाड्यावस्त्यांवर फिरून धनगरांना बाईंनीच पटवलं होतं. टोचणारी खवलं आणि धरणारी खवलं एकच, एवढी साधी गोष्ट मऊपणाच्या हौसेपायी त्यांना सुचली नाही.

त्यांनी लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेला फोन लावला. मूळ जनुकाचा आराखडा कुणी जपलाच नव्हता. "लस न दिलेली मेंढी मिळाली तर तिच्यावरून उलटी लस करता येते का बघू," पलीकडचा म्हणाला. "आम्हाला तरी एकही सापडलेली नाही."

बाई तडक धुळा ठोंबरे या धनगराच्या मेंढवाड्यावर गेल्या.

"धुळाभाऊ, एखादी सुटली असेल ना लसीतून?"

"एक म्हातारी व्हती, ताई. फाल्गुनात गेली." धुळाने कुडकुडणारं कोकरू मांडीवर घेतलं. "लोकरीवरनं पानी निथळतच न्हाई, थेट कातड्यापत्तूर जातंय आता. नुसत्या दंवानं आठ कोकरं मेली."

बाईंना रडू कोसळलं. आपल्या हातांनी आपण काय करून बसलो, हे त्यांना आत्ता पुरतं कळलं. धुळा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पोतं अंथरून त्यांना बसायला सांगितलं.

"तुमी म्हनला म्हून टोचून घेतलं. तुमास्नी त्यातलं कळतंय," तो विश्वासाने म्हणाला. "मग आता ही परत पैल्यासारखी कवा व्हत्याल, ताई?"