दुसऱ्या कुणाची रेष

हसायचं तर हसा. पण मी स्वतः तिथे होतो. मंगळवार. दुपारचे तीन. आणि मी पूर्ण शुद्धीत होतो.

माझी ताई आवाजाचे प्रयोग करायची. गाणं नाही. नुसता आवाज... हुंकार, श्वास, कुजबुज. प्रेक्षक खोलीच्या मधोमध बसायचे आणि ताईचा आवाज चारही भिंतींवर प्रकाशाची रेष होऊन धावायचा. माइकमधल्या आवाजाची रेष करणारा कॉम्प्युटर मी सांभाळायचो.

त्या दिवशी शेवटची तालीम होती. पडदे ओढलेले. हॉलमध्ये आम्ही दोघंच.

ताई पाणी प्यायला थांबली.

रेष थांबली नाही...

बारीक. थरथरती. कुणीतरी हळू बोलत असावं तशी.

"पंखा बंद कर रे, माइक आवाज पकडतोय."

पंखा बंदच होता.

मी माइकची वायर उपटली.

रेष चालूच...

सरकत सरकत ती ताईच्या मागच्या भिंतीवर आली. बरोबर मानेशी थांबली.

"ताई, आधी बाजूला हो!"

"अरे, झालं तरी काय?"

तिच्या प्रत्येक शब्दाला रेष उसळली. माइक नसताना!

मी मेन स्विच पाडला.

परत सगळं सुरू केलं, तर भिंती कोऱ्या. ताई बोलली. मग घसा फाडून ओरडली. काही उमटेना. मी नुसता खोकलो, तर भिंतभर उजेड.

तीन माइक बदलले. प्रयोग रद्द केला. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे.

तेव्हापासून ताईचा आवाज कुठल्याच यंत्रात जात नाही. फोनवर समोरचा नुसता हॅलो हॅलो करत बसतो. कामं सुटली. आता ती माझ्याकडेच राहते. "तुला तरी मी ऐकू येते, नशीब," म्हणते आणि हसते. ते हसणं बघवत नाही.

गेल्या रविवारी माझा फोन वाजला. ताईचं नाव.

"हॅलो... येतोय का रे माझा आवाज?"

स्वच्छ. ताईचाच. मला रडूच फुटलं. "येतोय गं, येतोय!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताई हात पुसत बाहेर आली.

तिचा फोन टेबलावर चार्जिंगला होता.

"कुणाचा रे?"

"राँग नंबर."

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. फोन मात्र रोज येतो. मी उचलत नाही.

काल उचलला.

पलीकडून ताईच्याच आवाजात एवढंच विचारलं...

"ती घरातच आहे ना?"