पूर्वेची वाळू

प्रेरणा अंदमानात आली ती बेटं बघायला नव्हे. तिला एका माणसाला खोटं पाडायचं होतं!

त्या माणसाचं नाव इंद्रजीत. छत्रपती संभाजीनगरात त्याचा साहसी खेळांचा क्लब होता. दोन वर्षांपूर्वी तो आणि प्रेरणाचा धाकटा भाऊ सत्यम दोन कयाक घेऊन इथल्या सात बेटांच्या सफरीवर निघाले होते. परतला तो एकटा इंद्रजीत. चौकशीत त्यानं सांगितलं, "तिसऱ्या बेटाच्या पूर्वेला वाळू आहे. चार ते साडेपाच मी तिथं उभा होतो. लई शिट्ट्या मारल्या. पण सत्यम हट्टानं माझ्या समोरून पुढच्या सामुद्रधुनीत घुसला." सत्यमची कयाक सापडली, सत्यम सापडला नाही. लोक हळहळले आणि म्हणाले, ऐकलं असतं तर वाचला असता. ते वाक्य प्रेरणाच्या काळजात सुरीसारखं रुतून बसलं. नाथसागरात पोहायला उतरतानाही तिला विचारणारा तो पोरगा हट्टी?

पडेगावच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. दर रविवारी पैठणला जाऊन दोन वर्षं तिनं वल्हं मारलं. हाताचे फोड फुटले, पुन्हा आले, शेवटी तळवे लाकडासारखे झाले. परवाने काढले. आणि माघ शुद्ध तृतीयेला तिसऱ्या बेटावर पोचायचं असा हिशेब धरूनच ती निघाली, कारण सत्यम गेला तो त्याच तिथीला. तिथी तीच असली की भरती-ओहोटीची वेळही जवळपास तीच!

निघताना आई, आवडाबाई, उंबऱ्यात उभी राहिली. "सूड घ्यायला चाललीस व्हय?"

"व्हय."

"एक पाण्यात गेलाय, प्रेरणे. मला दुसरं सोसायचं नाय."

पहिले दोन दिवस समुद्र मवाळ होता. पहाटे निघावं, हिरव्या उथळ पाण्यातून प्रवाळांची रानं खाली सरकताना बघावीत, ऊन चढलं की एखाद्या पांढऱ्या पुळणीवर कयाक ओढून भात शिजवावा. दुसऱ्या बेटावर उतरताना लाटेनं तिला आडवं पाडलं, खडकानं गुडघा सोलला. तिनं जखमेवर पट्टी आवळली. दुखणं तिला बरंच वाटलं. त्यानं राग झोपत नव्हता.

तिसऱ्या दिवशी, बरोबर चार वाजता, ती तिसऱ्या बेटाच्या पूर्वेला पोचली. ओहोटी पार सरली होती. पाण्यातून प्रवाळांचे दात वर आले होते. त्यांच्या मागं काळाकुट्ट चिखल, आणि चिखलामागं खारफुटी. उभ्या किनाऱ्याला खारफुटीच! माणसाच्या उंचीची गुंतलेली मुळं. असली मुळं दोन वर्षांत उगवत नसतात.

वाळू नव्हती. मूठभरसुद्धा नव्हती!

तिनं टोकापासून टोकापर्यंत किनारा पालथा घातला. कॅमेरा चालू, जीपीएस चालू. एकाएकी चिखलातला एक ओंडका हलला. मगर! सळकन पाण्यात उतरली आणि दिसेनाशी झाली. प्रेरणानं श्वास रोखून वल्हं पाण्याबाहेर धरलं. दहा हातांवर दोन डोळे वर आले, तिला न्याहाळून पुन्हा बुडाले. ती एकेक वल्हं मोजून मारत खोल पाण्याकडे सरकली. तिच्या ओठांवर हसू होतं. इंद्रजीत इथं उभा राहिलाच नव्हता. तो इथवर आलाच नव्हता!

समोर ती सामुद्रधुनी होती. पलीकडं चौथं बेट. हे पाणी ओलांडून सातही बेटं पुरी करायची आणि इंद्रजीतच्या क्लबात भिंतीवर मिरवणारी त्याची तसबीर उतरवायची, असं तिनं मनाशी बांधलं होतं. भरती सुरू झाली होती. तिनं मागचापुढचा विचार न करता कयाक आत घातली.

धारेनं तिला उचललं! डावीकडून लाट आली, उजवीकडून भोवरा. वल्हं लागेना. आभाळ फिरलं आणि ती उलटी झाली. नाकात खारट पाणी. कयाक सुलटी करायचा पहिला प्रयत्न फसला. कंबर वळवून तिनं दुसरा झटका दिला. कयाक फिरली! हवा! ठसका! चौथं बेट आता हाकेच्या अंतरावर होतं. आणखी पाचशे हात.

त्याच क्षणी तिच्या मनात लख्ख उमटलं: मी इथं मेले, तर त्याचं खोटं जिवंत राहील. लोक म्हणतील, बहीणही तशीच हट्टी होती.

"नाय!" ती समुद्रावर ओरडली. तिनं कयाकचं तोंड फिरवलं, धारेला तिरकी धरून पुन्हा तिसऱ्या बेटाच्या आडोशाला नेली, आणि त्याच्या पश्चिमेच्या पुळणीवर पालथी पडून ढसाढसा रडली. चार बेटं राहिली ती राहिलीच. सकाळी ती परत निघाली.

आठव्या दिवशी ती इंद्रजीतच्या क्लबात उभी होती. तिनं चित्रफीत लावली. इंद्रजीतनं अर्धीच बघितली.

"पूर्वेला वाळू कुठाय, इंद्रजीत?"

तो खाली बसला. जमिनीकडं बघत म्हणाला, "दुसऱ्या बेटावरूनच मागं फिरलो. मला भ्या वाटलं. तो पुढं होता, माझ्या भरवशावर. हाका मारत व्हता. मी... मी वळून बघितलं नाय."

"हे मला सांगू नको. पोलिसांना लिहून दे. त्याआधी माझ्या आईला सांग."

"तिच्यासमोर नको, प्रेरणा. हात जोडतो."

"ऊठ."

पडेगावला आवडाबाईनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. पाणी विचारलं नाही. समोरची चटई दाखवली. "बस. निघाल्यापास्नं सांग. एक शब्द गाळू नको."

इंद्रजीतनं दाराकडं बघितलं. प्रेरणानं आतून कडी लावली.