फियाटखालचे पाय

ही गोष्ट ऐकून काही जण हसतील. हसू द्या. पण ज्याच्यावर हे गुदरलं तो सुकदेव मिस्तरी आजही जळगावात आहे, आणि त्यानं सांगितलं तेवढंच इथे लिहिलं आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

दिवस पक्का लक्षात आहे. १९९४ सालचा जानेवारी, शेवटचा रविवार. गाव धुळे.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

लख्ख दुपार होती.

त्या दिवशी धुळ्यात जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा मेळावा होता. सकाळी मैदानावर जमायचं, एकमेकांच्या गाड्या बघायच्या, बॉनेट उघडून तासन् तास बोलायचं, आणि दुपारी रांगेनं शहरातून फेरी मारायची, असा बेत होता. जळगाव, चाळीसगाव, नाशिककडून बावीस गाड्या आल्या होत्या. विलीज जीप होत्या, दोन लँडमास्टर, एक मॉरिस. धरणगावचा छगन त्याची जीप घेऊन आला होता. छगन सुकदेवचा जुना दोस्त.

सुकदेवनं आपली फियाट नेली होती. ठेंगणी, गोलमटोल, गर्द हिरवी. त्या काळी लोक तिला डुक्कर फियाट म्हणायचे.

गाडी देखणी होती. बघणारा थांबायचाच.

पण सुकदेव त्या गाडीत घरच्यांना कधी बसवत नसे.

कारण सहा वर्षांपूर्वी तिच्याच खाली भिका मेला होता.

भिका म्हणजे सुकदेवचा भागीदार. जळगावात मेहरूणला दोघांचं मिळून गॅरेज होतं. भिका हाताचा कसबी, सुकदेव बोलण्यात पटाईत. मे महिन्यातली दुपार होती. कामाची माणसं जेवायला गेली होती. ही फियाट तेव्हा सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याची. तो दोन वाजता गाडी न्यायला येणार होता, आणि ब्रेकमधली हवा काढायची राहिली होती.

या कामाला दोन माणसं लागतात. एकानं गाडीखाली झोपायचं, दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबायचं. भिका खालून पान्यानं ठोके द्यायचा. दोन ठोके म्हणजे दाब. एक ठोका म्हणजे सोड.

गाडी जॅकवर चढवलेली होती. पण नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली जात नाही. लाकडी ठोकळे लावायचे असतात. ते पलीकडच्या भिंतीला, टायरच्या ढिगामागे पडले होते.

भिका खाली सरकला. खालूनच त्यानं विचारलं, "ठोकळा लाई दिधात का?"

"हा, लाई दिधात," सुकदेव म्हणाला, आणि आत जाऊन बसला.

लावले नव्हतेच. दोन मिनिटांचं तर काम. कोण एवढे टायर बाजूला करत बसणार?

ठक, ठक.

सुकदेवनं पेडल जोरात दाबलं. गाडी जराशी हिंदकळली... आणि जॅक निसटला.

माणसं धावत आली तेव्हा ठोकळे भिंतीशीच होते. कोणीतरी विचारलं, "अरे, ठोकळे कसे नाही लावले?"

सुकदेवच्या तोंडून निघून गेलं, "मी म्हटलं होतं लाव. त्यानं ऐकलं नाही."

बस. एवढंच वाक्य.

पण ते वाक्य गावभर झालं. जळगावच्या गॅरेजांमध्ये उस्ताद लोक नव्या माणसाला दम द्यायला लागले, "ठोकळा लाव आधी. भिका व्हायचंय का?" भिकाचं नाव म्हणजे निष्काळजीपणाची म्हणच होऊन बसली. त्याची बायको कुंदाबाई धुळ्याला माहेरी निघून गेली. व्यापाऱ्याला गाडी नकोशी झाली, ती सुकदेवकडेच राहिली. ती दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा धीर त्याला झाला नाही.

तर त्या रविवारी मैदानावर एका जीपचं चाक बदलायचं काम चाललं होतं. छगन तिथे उभा होता. तो हसत म्हणाला, "ठोकळा लावा रे. भिका व्हायचंय का?"

सगळे हसले.

सुकदेवही हसला. सवयीनं.

तो आपल्या गाडीपाशी परत आला. तिथे एक म्हातारे आबा काठी टेकून उभे होते. धोतर, टोपी, हातात नातवाचं बोट. गाडी बघायला आले असतील असं सुकदेवला वाटलं. पण आबा गाडीकडे बघत नव्हते. ते खाली बघत होते.

"तुमना मिस्तरी कव्हयना खाले निजेल शे," आबा म्हणाले. "त्याले चहा तरी द्या."

"कोण मिस्तरी झोपलाय, आबा? मी एकटाच आलोय."

आबांनी काठीनं गाडीखाली दाखवलं.

सुकदेव वाकला...

खाली कोणी नव्हतं. नुसतं वाळलेलं गवत.

वर बघतो तर आबा नातवाला घेऊन पुढच्या गाडीकडे निघाले होते. म्हातारपण आहे, डोळ्यांना दिसत नसेल, असं सुकदेवनं मनाला सांगितलं. तरी त्यानं पुन्हा एकदा वाकून बघितलं.

तीन वाजता फेरी निघाली. सुकदेव मधोमध होता, मागे छगनची जीप. आग्रा रोडवर दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. हॉर्न, शिट्ट्या, कोणीतरी बँडवालेही आणले होते. बायका गच्चीतून बघत होत्या. सुकदेवला जरा बरं वाटलं.

फेरीचा रस्ता त्यानं सकाळीच विचारून घेतला होता. कुंदाबाई ज्या गल्लीत राहायची ती गल्ली त्यात नव्हती. त्याशिवाय तो निघालाच नसता.

पाचकंदील चौकाजवळ रांग थांबली. पुढे एक ट्रक बंद पडून आडवा उभा होता. हवालदार गाड्यांना डावीकडे वळवत होता. सुकदेवची पाळी आली. त्यानं गिअर टाकला, तसा हवालदारानं हात आडवा केला.

"थांबा, थांबा. गाडी हलवू नका. खाली माणूस आहे."

"कुठे?"

"अहो, पाय दिसताहेत ना बाहेर. चपला आहेत पायात."

सुकदेव उतरला. हवालदारही आला. दोघं वाकले...

रस्ता रिकामा होता.

हवालदार सरळ झाला. त्यानं गाडीच्या चारही बाजूंनी चक्कर मारली. मग त्यानं सुकदेवला डावीकडे जायची खूण केली. पण त्याचा चेहरा बदलला होता.

डावीकडची ती गल्ली सुकदेवनं ओळखली. सहा वर्षं जिकडे फिरकला नव्हता, त्याच गल्लीत रांग शिरत होती. मागे गाड्या, पुढे गाड्या. उलटं फिरायला जागा नव्हती.

आणि मग...

आवाज बंद झाले.

बँड थांबला असेल असं त्याला आधी वाटलं. पण समोर माणसं टाळ्या वाजवताना दिसत होती. तोंडं हलत होती. छगन मागून हॉर्न मारत होता, त्याचा हात आरशात दिसत होता. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. स्वतःच्या इंजिनाचा आवाजसुद्धा नाही.

गाडी चालत होती. मुकाट्यानं.

आणि त्या शांततेत, पायाखालून...

ठक, ठक.

सुकदेवचा पाय आपोआप पेडलवर गेला. वीस वर्षांची सवय. त्यानं दाबलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

तो वाट बघत राहिला.

सोडायचा ठोका आलाच नाही.

पाय उचलायची त्याची हिंमत होईना. पाय उचलला, गाडी हलली, आणि खाली तो असला तर?

समोरच्या घराच्या ओट्यावरून एक बाई उतरून आली. अंगावर जुनं हिरवं लुगडं. कुंदाबाई होती. सुकदेवला शंका आली नाही. ती त्याच्याकडे न बघता गाडीपाशी आली, खाली वाकली, आणि कोणाचं तरी बोलणं ऐकावं तशी कान देऊन थांबली.

मग उठून खिडकीशी आली. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ते विचारी ऱ्हायनात... ठोकळा लाई दिधात का?"

हा प्रश्न जगात दोघांनाच माहीत होता. त्यातला एक सहा वर्षांपूर्वी गेला होता.

सुकदेवला रडू फुटलं. हॅंडब्रेक ओढून तो कसाबसा बाहेर आला आणि रस्त्यावर गुडघे टेकून गाडीखाली वाकला.

"नाही लावले," तो म्हणाला. "भिका, मी नाही लावले. तू विचारलं होतंस. मी खोटं बोललो. तेव्हाही बोललो आणि नंतरही बोललो."

एकदम सगळे आवाज परत आले. बँड, हॉर्न, माणसं. छगन धावत आला होता आणि त्याचे खांदे धरून हलवत होता.

"सुकदेव, काय बोलतोयस तू? कोणते ठोकळे?"

"त्यांना विचार. कुंदावहिनींना."

"कोणती वहिनी?"

ओटा रिकामा होता. दाराला कुलूप होतं. छगननं शपथेवर सांगितलं की गाडीजवळ कोणी बाई आलीच नव्हती. सुकदेव स्वतः उतरला, गाडीखाली तोंड घालून बोलत राहिला, एवढंच त्यानं पाहिलं.

पण सुकदेव काय बोलला, ते छगननं ऐकलं होतं. त्यानं सुकदेवच्या खांद्यावरचे हात काढले. मग हळूच म्हणाला, "सकाळी मी भिकाच्या नावानं हसलो रे."

फियाट छगननं चालवत जळगावला आणली. सुकदेव एसटीनं आला.

पंधरा दिवस तो झोपला नाही. सोळाव्या दिवशी परत धुळ्याला गेला. या वेळी दार उघडं होतं. कुंदाबाईनं त्याला ओळखलं, पाट दिला, पाणी दिलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग, ना आश्चर्य.

"फेरीच्या दिवशी तुम्ही बाहेर आल्या होत्या ना, वहिनी?"

"कोणती फेरी? मी तर महिनाभर सावद्याला होते, बहिणीकडे. परवाच आले. काय काम काढलंत, भाऊ?"

म्हणजे तिला काहीच ठाऊक नव्हतं.

सुकदेव सांगतो, त्या क्षणी त्याच्या मनात आलं होतं, सहज आलो होतो म्हणावं आणि उठावं. कोणी त्याला अडवलं नसतं. खालून कोणी विचारत नव्हतं. घरात घड्याळाच्या टिकटिकीशिवाय आवाज नव्हता.

तरी तो बोलला. सगळं. टायरच्या ढिगापासून त्या एका वाक्यापर्यंत.

त्याचं संपलं तरी कुंदाबाई जमिनीकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "सहा वर्षं मी त्यांच्यावर रागावलेली आहे, भाऊ. घरी बायको आहे, आणि हा माणूस ठोकळे न लावता खाली शिरतो. एवढीसुद्धा माझी काळजी नव्हती का, असं वाटायचं. पहिल्या श्राद्धाला मी त्यांचं पान वाढलं, पण मनातून नाही वाढलं. फोटोसुद्धा भिंतीला लावला नाही."

मग तिनं मान वर केली.

"ते तर विचारून शिरले होते."

सुकदेवनं तिच्या पाया पडायला हात पुढे केले. तिनं पाय मागे घेतले.

"माझ्या पाया पडून काय होणार? जळगावात जाऊन सांगा. जिथे जिथे त्यांचं नाव घेऊन हसतात, तिथे सांगा."

त्यानं तसं केलं. गॅरेज ते गॅरेज फिरून सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी हाकलून दिलं. एकानं अंगावर चहा फेकला. त्याचं गॅरेज वर्षभरात बंद पडलं. फियाट त्यानं मोडीत काढली, स्वतःच्या हातानं, एकेक भाग सुटा करून. हे सगळं तो न लाजता सांगतो.

एकच गोष्ट सांगताना त्याचा आवाज खाली जातो.

त्या दिवशी तो कुंदाबाईच्या घरातून निघाला. ती दारापर्यंत आली. तो ओट्याची पायरी उतरला, चपला घातल्या, आणि निरोप घ्यायला तिच्याकडे वळला.

कुंदाबाई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून मागे, रस्त्याकडे बघत होती. डोळे भरून आले होते.

आणि बघता बघता तिनं लगबगीनं पदर डोक्यावर घेतला, घरधनी दारात आल्यावर बाया घेतात तसा... आणि मागून येणाऱ्याला आत यायला वाट द्यावी तशी दारातून बाजूला सरकली.

सुकदेवनं मागे वळून बघितलं नाही. मान खाली घालून तो गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला.

त्याच्या मागे दार लागल्याचा आवाज आला.